कॉम्प्युटरला खरंच व्हायरस लागलाय का? ओळखायचं कसं, काढायचं कसं आणि पुन्हा येऊ द्यायचा नाही तो कसा

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, एक गुरुजी लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या दुकानात आले. म्हणाले, "लॅपटॉप फार मंद झालाय, व्हायरस गेला असणार. पेन ड्राइव्ह तसा बरा आहे. फक्त शाळेच्या कॉम्प्युटरवर फोल्डर उघडताना एक काळी खिडकी लुकलुकते आणि जाते." लॅपटॉप पाहिला तर व्हायरसचा मागमूस नव्हता. आत जुनी, फिरणारी हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम, म्हणून बिचारा धापा टाकत होता. व्हायरस होता तो त्या 'बऱ्या' पेन ड्राइव्हमध्ये.

दुरुस्तीच्या टेबलावर हे सारखं घडतं. ज्यावर संशय असतो ते निर्दोष निघतं आणि ज्याकडे कुणी बघत नाही तिथे चोर बसलेला असतो. आपल्या डोक्यात व्हायरसचं चित्र अजून जुनंच आहे: पडद्यावरची अक्षरं गळतात, कॉम्प्युटर बंद पडतो, कवटीचं चित्र येतं. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी फ्लॉपीवरून पसरणारा 'ब्रेन' लिहिला, तेव्हा त्यात स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही टाकला होता. आता असं कुणी करत नाही. आजच्या व्हायरसला तुमचे पासवर्ड, तुमचा बँकेचा व्यवहार किंवा तुमच्या मशीनची वीज हवी असते. ते मिळेपर्यंत त्याला तुमच्या नजरेत यायचंच नसतं.

म्हणून मी ग्राहकाला 'मशीन किती मंद झालंय' हे विचारतच नाही. दोन वेगळे प्रश्न विचारतो. तुम्ही सांगितलेलं काय करायला ते नकार देतंय? आणि न सांगता काय करतंय? पुढचं सगळं या दोन प्रश्नांवरच चालतं. (सगळे 'व्हायरस' तांत्रिक अर्थाने व्हायरस नसतात. काही ट्रोजन असतात, म्हणजे कामाच्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन येणारे, काही वर्म, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर स्वतःच पसरणारे, काही नुसते जाहिराती दाखवणारे. बोलताना आपण सगळ्यांना व्हायरसच म्हणतो, तसंच इथेही म्हणतो.)

आधी निर्दोष मंडळींना सोडून देऊ

मंद चालणं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात डिस्कच्या रकान्यात सतत १०० टक्के दिसत असेल आणि मशीनमध्ये जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. तो खर्च कुठल्याही अँटिव्हायरसपेक्षा जास्त कामाला येतो. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' नावाची नोंद वर दिसली की लोक घाबरतात, पण तो विंडोजचा स्वतःचा पहारेकरी डिफेंडर आहे. 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' म्हणजे अपडेट बसतंय. त्याला अर्धा तास द्या.

उजव्या कोपऱ्यातून येणारे 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' असे लाल निरोप. हे बहुतेक वेळा व्हायरसचे नसतात. कधीतरी क्रिकेटचा स्कोअर किंवा सिनेमा बघताना एखाद्या साइटने 'अलाउ' दाबायला सांगितलेलं असतं आणि आपण दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स इथे जा. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीच्या नसतील त्या काढा. दोन मिनिटांचं काम आहे. याच कामाचे मोठे पैसे देऊन आलेले लोक मी पाहिले आहेत.

अख्खा पडदा व्यापणारं पान, सायरनचा आवाज, 'कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा.' ही धमकी फक्त त्या पानापुरती असते. एस्केप दाबून धरा, पान छोटं झालं की बंद करा. नाहीच झालं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडताना 'जुनी पानं परत उघडू का' याला नाही म्हणा. नंबरवर मात्र फोन करू नका. खरा धोका पलीकडच्या गोड बोलणाऱ्या माणसाचा आहे. तो 'मदतीसाठी' एनीडेस्क, म्हणजे दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारा प्रोग्रॅम, टाकायला लावतो, आणि मग त्याला व्हायरसची गरजच उरत नाही.

आता खरी लक्षणं

सगळ्यात मोठं लक्षण म्हणजे पहारेकरीच बेशुद्ध होणं. विंडोज सिक्युरिटी उघडा. रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद दिसतंय, चालू केलं तरी पुन्हा बंद होतंय, किंवा ते पानच कोरं येतंय, आणि तुम्ही दुसरा अँटिव्हायरसही टाकलेला नाही, तर आत कुणीतरी शिरलंय असं समजा. टास्क मॅनेजर उघडताक्षणी मिटतो, अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट तेवढ्या उघडत नाहीत पण बाकीचं इंटरनेट नीट चालतं, हे त्याच जातीचं.

दुसरं, मशीन रिकामं असताना राबतं. तुम्ही जेवायला उठलात की पंखा घोंघावायला लागतो आणि येऊन माउस हलवला की शांत होतो. तुमची वीज वापरून क्रिप्टो नाणी काढणारे काही प्रोग्रॅम असे लबाड असतात, टास्क मॅनेजर उघडला की स्वतःच थांबतात. तेव्हा टास्क मॅनेजर उघडाच ठेवून मशीन सोडून द्या. उघडा असताना शांत आणि बंद केल्यावर पुन्हा घरघर, असं दोन-तीनदा झालं तर आत कुणीतरी आहे.

तिसरं, ब्राउझर तुमचं ऐकत नाही. गूगलवर शोधलं तर निकाल भलत्याच पानावर येतात. होमपेज बदलून ठेवलं तरी परत तेच येतं. घरच्या लॅपटॉपवर क्रोमच्या मेनूत तळाशी 'तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित' असं लिहून आलंय. ऑफिसच्या मशीनवर ते बरोबर आहे, पण घरच्या मशीनची कुठली आली संस्था? काही अँटिव्हायरसमुळेही ही ओळ येते, तेवढं आधी तपासा. तसं नसेल तर कुणीतरी ब्राउझरवर परस्पर नियम लादलेत.

चौथं लक्षण कॉम्प्युटरवर नाही, बाहेर दिसतं. तुमच्या नावाने मित्रांना विचित्र लिंक जातात. इन्स्टाग्राम किंवा जीमेलमध्ये अनोळखी ठिकाणाहून लॉग-इन दिसतं. पासवर्ड बदलूनही खातं पुन्हा जातं. हे काम चोरट्या प्रोग्रॅमचं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर तो नेतोच, शिवाय तुम्ही लॉग-इन असल्याची खूण, म्हणजे कुकी, तीही उचलतो. ती मिळाली की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही. यातल्या 'लुमा' नावाच्या प्रोग्रॅमच्या जाळ्यावर मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकी सरकारने मे २०२५ मध्ये कारवाई केली, तेव्हा आधीच्या दोनच महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज मशीन बाधित आढळली होती. त्यातल्या बहुतेकांचं मशीन मंद झालं नसणार. त्याने येऊन दोन-चार मिनिटांत काम उरकलं आणि निघून गेला.

आणि पाचवं, जे सांगावं लागत नाही: फाइलींच्या नावापुढे अनोळखी शेपूट लागतं, एकही उघडत नाही आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'पैसे भरा'ची चिठ्ठी दिसते. याला रॅन्समवेअर म्हणतात, त्याच्याकडे पुढे येतो.

पहिली दहा मिनिटं

लक्षण पटलं की आधी इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा, केबल असेल तर उपटा. बाहेर माहिती पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा रस्ता तिथेच अडतो. बॅकअपची हार्ड डिस्क लावलेली असेल तर काढा, आणि घाईघाईने 'आधी फोटो वाचवू' म्हणून नवी लावू नका. निम्मं नुकसान या घाईत होतं.

मग मोबाइल हातात घ्या, किंवा घरातलं दुसरं, नक्की स्वच्छ असलेलं मशीन. बाधित कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलणं म्हणजे चोरासमोर नवं कुलूप लावून किल्ली दाखवण्यासारखं आहे. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांची किल्ली तिथे येते. गूगल खात्यात सिक्युरिटीमध्ये 'युअर डिव्हाइसेस' आहे, तिथून अनोळखी आणि बाधित अशा सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. त्यानंतर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. तुमच्या मेलची एक प्रत परस्पर दुसरीकडे जाईल असा नियम काही जण लावून ठेवतात, आणि तो महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. मग बँक, मग व्हॉट्सॲपमधली 'लिंक्ड डिव्हाइसेस'.

पैसे गेलेच असतील तर बाकी सगळं सोडून १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँकेलाही त्याच वेळी कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, त्यामुळे इथे दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

सफाई, क्रमाने

१. कोण कोण चालू आहे ते पाहा. टास्क मॅनेजरमधलं 'स्टार्टअप ॲप्स' उघडा. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उठणाऱ्यांची यादी इथे असते. अनोळखी नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' करा. प्रोग्रॅम फाइल्स किंवा विंडोजच्या सिस्टिम ३२ मध्ये असेल तर संशय कमी. ॲपडेटा किंवा टेम्प या फोल्डरमध्ये असेल तर जास्त. तरी लगेच उडवू नका, झूम आणि डिस्कॉर्डसारखी सज्जन मंडळीही ॲपडेटातच राहतात. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' हा भाग आहे का आणि त्यात ओळखीच्या कंपनीचं नाव आहे का, ते बघा. अशा फोल्डरमध्ये बसलेल्याचं नाव मायक्रोसॉफ्टसारखं आणि सही कुणाचीच नाही, तर तो बहुधा बहुरूपी.

२. नुकतं काय आलं ते पाहा. सेटिंग्जमधल्या 'इन्स्टॉल्ड ॲप्स'ची यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास तुम्ही न टाकलेलं जे असेल ते काढा. ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, हीही अशीच तपासा. 'पीडीएफ कन्व्हर्टर', 'व्हिडिओ डाउनलोडर' असली नावं दिसली की मी आधी काढतो आणि मग विचारतो. ब्राउझर तरीही ऐकत नसेल तर त्याच्या सेटिंग्जमधून रीसेट करा.

३. सूट दिलेल्यांची यादी बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि अगदी खाली 'एक्सक्लूजन्स'. इथे लिहिलेल्या जागा डिफेंडर तपासतच नाही. आत शिरलेला प्रोग्रॅम अनेकदा पहिल्या मिनिटाला इथे स्वतःची जागा लिहून ठेवतो. एका डीटीपीवाल्या दादांच्या मशीनमध्ये अख्खा सी ड्राइव्ह या यादीत होता. ते रोज स्कॅन करायचे आणि रोज 'धोका नाही' असं उत्तर यायचं. यादीतलं तुम्ही न टाकलेलं सगळं काढा, मगच स्कॅन करा.

४. ऑफलाइन स्कॅन. त्याच पानावर 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' आहे. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण उठायच्या आत तपासणी होते, म्हणजे लपून बसणाऱ्याला जागं व्हायला वेळच मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, उघडी कामं सेव्ह करा. त्यानंतर 'फुल स्कॅन' लावून झोपा, त्याला तास दोन तास लागू शकतात. सकाळी 'प्रोटेक्शन हिस्टरी'त काय सापडलं ते वाचा.

५. दुसऱ्या डॉक्टरचं मत. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर स्वच्छ मशीनवर उतरवून आणा. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा जपून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही मोफत सफाईची साधनं मिळतात. पण कायमचे दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नका. एकमेकांनाच चोर समजून भांडतात आणि मशीन खरोखर मंद होतं.

एकाच फाइलवर संशय असेल तर ती व्हायरसटोटल या साइटवर टाका. अनेक कंपन्यांची इंजिनं ती एकाच वेळी तपासून निकाल देतात. सत्तरातल्या एक-दोघांनीच बोट दाखवलं असेल तर खोटा गजरही असू शकतो, वीस जणांनी दाखवलं तर वाद घालू नका. मात्र तिथे टाकलेली फाइल इतरांच्याही हाती जाऊ शकते, म्हणून आधार कार्ड किंवा पगारपत्रक असलं काही टाकू नका.

६. तरीही परत आला तर. साफ केलं, दोन दिवसांनी पुन्हा तेच, असं झालं की मी हट्ट सोडतो. दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा इन्स्टॉल करायचा पेन ड्राइव्ह बनवायचा, कामाच्या फाइली तेवढ्या बाजूला घ्यायच्या, प्रोग्रॅमच्या नाही, आणि डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं. पासवर्डचोर सापडला असेल तर मी थेट इथेच येतो. त्याने जाता जाता आणखी काय ठेवलंय याची खात्री कुणी द्यायची?

गुरुजींचा पेन ड्राइव्ह

आता जरा जवळून बघू, कारण शाळा, तहसील, सेवा केंद्र आणि झेरॉक्सची दुकानं यांच्यात फिरणारा हा जीव अजून मेलेला नाही. पूर्वी पेन ड्राइव्ह लावताच आतला प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायचा. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही ती सोय बंद केली. दार बंद झालं तसा व्हायरसने तुमचाच हात वापरायला सुरुवात केली.

गुरुजींचा ड्राइव्ह उघडल्यावर आत एकच गोष्ट दिसली: त्या ड्राइव्हच्याच नावाचा शॉर्टकट, आयकॉनच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण. ड्राइव्हमध्ये ड्राइव्ह? राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या. 'टार्गेट'च्या रकान्यात फोल्डरचा पत्ता असायला हवा होता, तिथे 'सीएमडी'ने, म्हणजे विंडोजला लेखी आज्ञा देणाऱ्या प्रोग्रॅमने, सुरू होणारी लांबलचक ओळ होती. म्हणजे त्यावर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालणार, ती लुकलुकणारी काळी खिडकी तीच, आणि मग तुम्हाला संशय येऊ नये म्हणून तुमच्या फाइलीही उघडून दाखवणार.

फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो' आणि तिथे 'हिडन आयटम्स' व 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' या दोन्हींवर खूण करा. तरी दिसलं नाही तर ऑप्शन्समधल्या 'व्ह्यू' टॅबमध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'वरची खूण काढा. विंडोज 'खरंच का?' विचारेल, हो म्हणा. गुरुजींच्या ड्राइव्हमध्ये एक फिकट फोल्डर उगवलं. त्याला नावच नव्हतं, नावाच्या जागी फक्त एक न दिसणारं मोकळं अक्षर. आत हजेरीपत्रकं, शिष्यवृत्तीच्या याद्या, स्नेहसंमेलनाचे फोटो, सगळं जागच्या जागी. त्यातल्या वर्ड, एक्सेल, फोटो अशाच फाइली कॉपी करून घेतल्या, स्कॅन केल्या आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला. काम झाल्यावर ती शेवटची खूण परत लावून ठेवा, नाहीतर एखाद्या दिवशी विंडोजचीच फाइल कचरा म्हणून उडवाल.

नुसतं बघितल्याने हा व्हायरस लागत नाही, डबल क्लिक लागतो. २०१० च्या स्टक्सनेटने शॉर्टकटचा आयकॉन दिसला तरी पुरे अशी फट वापरली होती, पण अपडेट केलेल्या मशीनवर ती केव्हाच बुजली आहे.

पेन ड्राइव्ह साफ करून गुरुजी शाळेत गेले असते तर पहिल्याच दिवशी पुन्हा तेच झालं असतं. रोग पेन ड्राइव्हचा नव्हता, शाळेच्या मशीनचा होता. अशा वेळी एक रिकामा, नुकता फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह संशयित मशीनला लावा, त्यात एक साधी फाइल टाका, काढा आणि स्वच्छ मशीनवर उघडा. फाइल गायब होऊन शॉर्टकट दिसला की गुन्हेगार ठरला.

फाइली कुलूपबंद झाल्या तर

पैसे भरू नका असं सांगणं सोपं आहे, पण मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेलेल्या माणसाला ते ऐकवताना माझाही आवाज बसतो. तरी सांगतो, कारण पैसे घेऊन किल्ली देईलच असा चोराचा शब्द नसतो. धमकीच्या चिठ्ठीचा फोटो काढा. कुलूपबंद फाइली पुसू नका, नावं बदलू नका, आहेत तशा वेगळ्या डिस्कवर ठेवून द्या. मग स्वच्छ मशीनवरून 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर जा. युरोपची पोलीस संस्था युरोपोल, नेदरलँडचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ती सुरू केली. तिथे दोन फाइली आणि ती चिठ्ठी दिली की कुठल्या जातीचं कुलूप आहे ते कळतं आणि किल्ली उपलब्ध असेल तर मोफत मिळते. आज नसलेली किल्ली वर्षा-दोन वर्षांनी सापडल्याचीही उदाहरणं आहेत, म्हणून फाइली जपायच्या.

आपल्याकडे घरगुती मशीनवर सापडणारी एक जात 'स्टॉप' किंवा 'डेजाव्हू' म्हणून ओळखली जाते. ती बहुधा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर येते आणि काम चालू असताना विंडोज अपडेटचा खोटा पडदा दाखवते. ती मोठ्या फाइलचा फक्त सुरुवातीचा भाग बिघडवते, त्यामुळे एखादा लांब व्हिडिओ दुरुस्तीच्या साधनाने बराचसा परत मिळू शकतो.

आत येतो कुठून?

बहुतेक वेळा आपणच दार उघडून 'या, बसा' म्हटलेलं असतं.

डीटीपीच्या धंद्यात कोरलड्रॉ आणि मराठी फॉन्टची क्रॅक केलेली पाकिटं सर्रास फिरतात. पाकीट झिप असतं, त्याला १२३४ असा पासवर्ड असतो आणि सोबतच्या चिठ्ठीत 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं लिहिलेलं असतं. पासवर्ड असतो तो अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून. एवढं उघड सांगणारा चोर दुसरा नसेल. साध्या मराठी टायपिंगसाठी तर कशाचीच गरज नाही. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड फुकट येतो, सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी घ्यायची आणि तिच्या कीबोर्डमध्ये फोनेटिक निवडायचा की झालं.

दुसरा रस्ता नवा आहे आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते. एखादी साइट 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' म्हणते. चौकोनावर क्लिक केल्यावर सूचना येतात: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. त्या क्लिकबरोबर साइटने तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं साठतं तिथे, गुपचूप एक आज्ञा ठेवलेली असते. तुम्ही ती स्वतःच्या हाताने चिकटवता आणि चालवता. डाउनलोड झालेली फाइल नाही, त्यामुळे नेहमीचे इशारेही येत नाहीत. लुमाच्या प्रसाराचा हा एक रस्ता होता. खरा कॅप्चा चित्रं ओळखायला सांगेल, पण कीबोर्डवरची असली बटणं कधीच दाबायला सांगणार नाही. घरात मुलं कॉम्प्युटर वापरत असतील तर हे त्यांना आजच सांगा.

तिसरा रस्ता म्हणजे दोन शेपट्यांची फाइल. 'वीजबिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई', आयकॉन पीडीएफचा. विंडोज शेवटचं शेपूट लपवतं म्हणून ती निरुपद्रवी दिसते. वर सांगितलेली 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'ची खूण कायम ठेवली की सोंग उघडं पडतं. मोबाइलवर हाच खेळ लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाच्या नावाने एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, पाठवून चालतो.

कायमचा बंदोबस्त

विकतचा अँटिव्हायरस हवाच का, असं लोक विचारतात. माझं मत, घरच्या वापराला अपडेट केलेला डिफेंडर पुरतो. त्यात 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू आहे ना, बघा. ते चालू असलं की बाहेरच्या प्रोग्रॅमला पहारेकऱ्याला झोपवणं अवघड जातं. 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मधलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू केलं तर अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समध्ये हात घालता येत नाही. सुरुवातीला एखाद्या चांगल्या सॉफ्टवेअरलाही अडवेल, त्याला परवानगी द्या. दुकानात दहा जणांचे पेन ड्राइव्ह लावणाऱ्यांनी सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं, पेन ड्राइव्हवर पहारा ठेवणारं 'यूएसबी प्रतिरोध' वापरून पाहायला हरकत नाही.

रोजच्या वापराचं खातं 'स्टँडर्ड' ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटर नाही. मग काही बसवायचं झालं की विंडोज ॲडमिनचा पासवर्ड मागेल आणि तुम्हाला क्षणभर थांबून विचार करावा लागेल. माझ्या घरी वडिलांच्या लॅपटॉपवर हे केल्यापासून तो दुकानात आलेला नाही.

अपडेट. फाइलींना कुलूप घालणाऱ्या 'वॉनाक्राय'ने १२ मे २०१७ ला जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा तो विंडोजच्या ज्या फटीतून शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. दोन महिने ज्यांनी 'नंतर' दाबलं ते सापडले. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. विंडोज ११ वर जाता येत असेल तर जा. मशीन जुनं असेल तर घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेट योजना ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. बँकेची कामं अपडेट न येणाऱ्या मशीनवर करू नका.

पण अपडेटही रामबाण नाही. जून २०१७ मध्ये न्हावा शेवाच्या बंदरातलं एक टर्मिनल 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसमुळे ठप्प झालं, कंटेनर अडकून पडले. ते टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहात तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला होता, आणि एकदा आत आल्यावर एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरत गेला. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत झाली.

तेव्हा शेवटचा आधार बॅकअपचाच. मोलाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावाकडे. बाहेरची हार्ड डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा. कायम लावून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे, व्हायरस मूळ फाइलींबरोबर तिलाही कुलूप घालतो. आणि दोन-तीन महिन्यांनी त्यातली एखादी फाइल उघडून बघा. उघडत नसलेला बॅकअप घेऊन रडत आलेले लोक मी पाहिलेत.

गुरुजींचं पुढे काय झालं? लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकली, शाळेचं मशीन मी रविवारी जाऊन साफ केलं. प्रिंटसाठी मात्र त्यांना गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात जावंच लागतं. तिथे पेन ड्राइव्ह द्यायचा नाही, फाइलची पीडीएफ करून दुकानाच्या मेलवर पाठवायची, असं ठरवलंय. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं व्हॉट्सॲप उघडायची वेळ आलीच, तर दुकानाची पायरी उतरायच्या आधी मोबाइलमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून तिथून लॉग आउट करायचं. परवा भेटले तेव्हा म्हणाले, दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेत थांबून केलं.